जठराच्या भिंतीतली गाठ: सीटी, एंडोसोनोग्राफी आणि पेटवरून सौम्य की घातक, हे कुठपर्यंत सांगता येतं?

लेसरकर्व्ह (प्रश्न)

जठरातल्या गाठीचा सीटी रिपोर्ट लिहिताना शेवटच्या ओळीपाशी हात अडतो. सर्जनना तिथे ‘सौम्य’ किंवा ‘घातक’ यांपैकी एक शब्द हवा असतो. प्रतिमेत जे दिसतं त्यावरून तो शब्द लिहायचा की नाही, आणि लिहायचा तर कशाच्या जोरावर, हा प्रश्न आहे. ‘बायोप्सीशी ताडून पाहावे’ एवढं लिहून मोकळं होणं पटत नाही, कारण गाठ भिंतीच्या आत असेल तर साध्या चिमट्याची बायोप्सी बऱ्याचदा ‘म्यूकोसा (जठराचं आतलं अस्तर) नॉर्मल’ एवढंच सांगते.

बोलायला सोपं जावं म्हणून तीन नमुने मांडतो.

नमुना अ: बॉडीत (जठराच्या मधल्या भागात), लेसर कर्व्हवर (आखूड वक्र कडेवर) ३.४ सेमीची गोल गाठ. कडा गुळगुळीत, वरचा म्यूकोसा शाबूत. प्लेन (कॉन्ट्रास्टशिवायच्या) स्कॅनमध्ये ३८ एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक), पोर्टल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी) ८५ एचयू. आत नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही.

नमुना आ: अँट्रमची (जठराच्या खालच्या टोकाची) भिंत १३ मिमी जाड. वेगळी अशी गाठ दिसत नाही. जठर पुरतं फुगलेलं नाही.

नमुना इ: कार्डियाजवळ (अन्ननलिका जठराला मिळते तिथे) २ सेमीची गाठ, एकजीव, कॉन्ट्रास्ट फारसा घेत नाही.

या तिन्हींत तुम्ही काय बघाल, पुढची तपासणी कोणती सांगाल, आणि रिपोर्टमध्ये किती ठाम राहाल?

पोर्टलफेज

आधी नमुना आ घेतो. सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि त्या वाचण्यातल्या नसतात, तयारीतल्या असतात.

रिकामं जठर मिटलेलं असतं, आणि मिटलेल्या जठराची भिंत जाड दिसणारच. फुगलेल्या जठरात ५ मिमीच्या वरची जाडी संशयाची धरतात, पण तो आकडा अँट्रमला लावू नका. तिथला स्नायू मुळात दणकट. त्यात आकुंचनाची लाट नेमकी स्कॅनच्या वेळी आली की १०-१२ मिमी जाडीसुद्धा नॉर्मल निघते. अशा वेळी जाडी चहूबाजूंनी सारखी असते, आतल्या कडेला उजळ म्यूकोसा आणि त्याच्या बाहेर सबम्यूकोसाची (म्यूकोसाखालच्या थराची) काळपट रेघ सलग दिसते. कॅन्सरमध्ये जाडी एका अंगाला जास्त असते, ती रेघ मध्येच पुसली जाते आणि दोन्ही फेजमध्ये तो भाग तसाच ताठ राहतो. म्हणून आर्टरियल (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाचा) आणि पोर्टल फेज शेजारी ठेवून एकाच जागी जाडी मोजा. एकीत १३ आणि दुसरीत ७ भरली तर ती लाट होती. दोन्हींत १३ भरली तर एंडोस्कोपी हवीच, तिथे सीटीवरून निर्धास्त करू नका.

कार्डियालाही हाच घोळ होतो. अन्ननलिका जठरात तिरकी शिरते, त्या जागी आडव्या छेदात खोटी गाठ दिसते. कोरोनल छेद काढला की ती विरघळते.

आता तयारी. सहा तास उपाशी. स्कॅनच्या आधीच्या १५-२० मिनिटांत ५००-७५० मिली साधं पाणी आणि शेवटचे २०० मिली टेबलावर बसल्यावर. हा शेवटचा ग्लास राहिला की आधीचं पाणी आतड्यात निघून गेलेलं असतं आणि जठर पुन्हा मिटतं. पांढरं दिसणारं ओरल कॉन्ट्रास्ट अजिबात नको, कारण ते आतल्या कडेला चिकटून राहतं आणि म्यूकोसा किती उजळला हे झाकून टाकतं. जठराचं आकुंचन थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ शिरेतून, स्कॅनच्या अगदी आधी. बंद कोनाचा काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं किंवा वेगवान हृदयगतीचा त्रास आहे का, हे आधी विचारा. यांपैकी काही असेल तर ग्लुकागॉन १ मिग्रॅ, आणि त्यासाठी फिओक्रोमोसायटोमा व इन्सुलिनोमा या संप्रेरक सोडणाऱ्या गाठी नाहीत ना हे पाहा.

पाणी खाली बसतं आणि हवा वर चढते, हे साधं सूत्र फार कामाला येतं. उताणं झोपल्यावर पाणी फंडस (जठराचा वरचा घुमट) आणि मागच्या भिंतीकडे जातं, अँट्रम कोरडं राहतं. अँट्रम बघायचं असेल तर पाणी देऊन उजव्या कुशीवर किंवा पालथं घ्या. वायूचे दाणे दिले असतील तर उलट, डाव्या कुशीवर, म्हणजे हवा अँट्रममध्ये चढते. नमुना आ ला दुसरा सीटी करायचाच झाला तर हा बदल केल्याशिवाय करू नका, नाहीतर तोच प्रश्न परत हातात येईल.

कॉन्ट्रास्ट साधारण १.५ मिली प्रति किलो, सेकंदाला ३ मिली. फेज ३५-४० सेकंदांना आणि ७० सेकंदांना. ताठ, तंतुमय कॅन्सरचा संशय असेल तर ३ मिनिटांचा उशिराचा फेजही घ्या, कारण तंतुमय भाग कॉन्ट्रास्ट सावकाश घेतो आणि धरून ठेवतो. छेद १-१.२५ मिमीचे बनवा आणि भिंतीला काटकोनात रिफॉर्मॅट करा. तिरक्या छेदात कुठलीही भिंत जाड दिसते.

तिन्ही नमुन्यांना लागू पडणारा मुद्दा असा. ‘सौम्य की घातक’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. पहिला प्रश्न ‘कुठल्या थरातून’ हा ठेवा. म्यूकोसातून उगवलेली गाठ असेल तर तिचा निकाल एंडोस्कोपी आणि बायोप्सी देते, सीटीचं काम ती किती खोल आणि किती लांब गेली हे सांगायचं. भिंतीच्या आतून उगवलेली असेल तर गाठ आणि भिंत यांच्यामध्ये बोथट कोन दिसतो, वर उजळ म्यूकोसाची पातळ साल ताणून बसलेली असते आणि कधी मध्यावर छोटं व्रण. अशा गाठीत बायोप्सी आधी फारसं बोलत नाही आणि प्रतिमेचं वजन वाढतं. तिथे एंडोसोनोग्राफीवाल्यांनी (दुर्बिणीच्या टोकावरून, आतून सोनोग्राफी करणाऱ्यांनी) पुढे लिहावं.

सीटीवर लगेच निकाल देता येईल अशी एकच गाठ आहे, लिपोमा (चरबीची गाठ). आत उणे ७० ते उणे १२० एचयू एकसारखे भरले की विषय संपला. मोजताना आरओआय (मोजणीचा गोल) गाठीच्या आत नीट बसवा, कडेचं पाणी किंवा हवा आत आली तर आकडा फसवतो.

चौथाथर

मी एंडोसोनोग्राफीच्या बाजूने लिहितो.

जठराची भिंत पाच पट्ट्यांत दिसते: आतून बाहेर उजळ, काळी, उजळ, काळी, उजळ. पहिल्या दोन पट्ट्या मिळून म्यूकोसा, तिसरी उजळ पट्टी सबम्यूकोसा, चौथी काळी म्हणजे मस्क्युलारिस प्रोप्रिया (मुख्य स्नायू), पाचवी सेरोसा (बाहेरचं आवरण). गाठ कुठल्या पट्टीशी सलग आहे हे पाहण्यासाठी गाठीच्या मध्यावर बघत बसू नका. तिथे पट्ट्या दबलेल्या असतात. कडेला जा, जिथे निरोगी भिंत गाठीत शिरते, आणि तिथे कुठली पट्टी फुगते ते पाहा.

यासाठीही जठरात पाणी लागतं, २००-५०० मिली, बुडबुडे नसलेलं. बुडबुडे पहिल्याच पट्टीत चमकतात आणि खालचं झाकतात. पाणी भरताना रुग्णाचं डोकं वर ठेवा, नाहीतर ते श्वासनलिकेत जायची भीती असते. प्रोब गाठीला काटकोनात हवा. तिरका लागला की चौथी पट्टी दुप्पट जाड दिसते आणि नसलेली गाठ सापडते. साध्या स्कोपला ५-१२ मेगाहर्ट्‌झ पुरतात. १ सेमीच्या आतल्या गाठीसाठी २० मेगाहर्ट्‌झचा मिनीप्रोब चांगला, पण तो साधारण २ सेमीपलीकडे पोचत नाही. मोठ्या गाठीची मागची कड त्यावर शोधू नका.

नमुना अ: चौथ्या पट्टीतून, काळी, थोडी चितकबरी गाठ दिसली तर सगळ्यात आधी जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) डोक्यात ठेवा. जठराच्या भिंतीत आतून वाढणाऱ्या गाठींत तीच सर्वात जास्त आढळते. एंडोसोनोग्राफीवर तिची धास्ती वाढवणारी लक्षणं अशी: बाहेरच्या अंगाची कड वेडीवाकडी, आत ४ मिमीपेक्षा मोठ्या पोकळ्या, आत ३ मिमीपेक्षा मोठे उजळ ठिपके, आकार ४ सेमीच्या वर, वर व्रण. यांतली दोन-तीन एकत्र असली तर सावध व्हा. एकही नसली तरी ‘सौम्य’ लिहू नका, कारण लहान, गुळगुळीत जिस्टमध्येही मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी) जास्त निघू शकतात आणि ते कुठल्याच लहरीला दिसत नाहीत.

नमुना इ: कार्डिया, एकजीव, कॉन्ट्रास्ट कमी घेणारी. हे चित्र लायोमायोमाचं (स्नायूच्या सौम्य गाठीचं) आहे. तो चौथ्या किंवा दुसऱ्या पट्टीतून निघतो. कॉन्ट्रास्ट एंडोसोनोग्राफीत (सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देऊन, कमी मेकॅनिकल इंडेक्सवर, म्हणजे लहरींचा जोर कमी ठेवून) जिस्ट भरभर उजळते आणि लायोमायोमा काळसर राहतो. हा फरक बराच भरवशाचा आहे, तरीही ‘लायोमायोमा असण्याची शक्यता जास्त’ एवढंच लिहावं.

तिसऱ्या पट्टीतल्या गाठी: एकजीव उजळ असेल तर लिपोमा, चिमट्याने दाबली की उशीसारखी खोल जाते. अँट्रममध्ये, मध्ये खळगा, आत बारीक नळ्यांसारख्या रेघा, सीटीवर स्वादुपिंडाइतकंच उजळणारी आणि गोल असण्यापेक्षा चपटी असेल तर जागा चुकलेलं स्वादुपिंड. अँट्रममध्येच (तिसऱ्या किंवा चौथ्या पट्टीत) आर्टरियल फेजला रक्तवाहिनीसारखी लखलखणारी असेल तर ग्लोमस ट्यूमर (बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींची गाठ). दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीत, फंडस किंवा बॉडीत अनेक छोट्या गाठी आणि भोवती झिजलेला म्यूकोसा असेल तर न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरक बनवणाऱ्या पेशींची गाठ). एकटी असेल आणि रक्तातलं गॅस्ट्रिन (आम्ल वाढवणारं संप्रेरक) नॉर्मल असेल तर ती जास्त धोक्याची जात. या गाठी वरवर असल्यामुळे साध्या बायोप्सीतही सापडतात.

सुई घालण्याआधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावा. यात सूट नाही. फंडसमधली गुळगुळीत, निळसर, गाठीसारखी दिसणारी फुगवटी ही व्हेरिसीस (फुगलेल्या शिरा) असू शकते आणि तिला सुई किंवा चिमटा लावला तर जीवघेणा रक्तस्राव होतो. सीटीवर प्लीहेची रक्तवाहिनी, यकृताची कड आणि पोर्टल फेज पाहून हे आधीच कळायला हवं. तसंच भिंतीवरचा फुगवटा हा प्लीहा, पित्ताशय किंवा यकृताच्या डाव्या भागाचा बाहेरून आलेला दाबही असतो. पाचही पट्ट्या त्याच्यावरून सलग जातात, हे दिसलं की तपासणी तिथेच थांबते.

२ सेमी आणि वरच्या गाठीला ऊती हवी. २२ गेजची एफएनबी सुई (ऊतीचा तुकडा काढणारी) वापरा, एफएनए (नुसत्या पेशी ओढणारी) नको. नुसत्या पेशी मिळाल्या तर ‘स्पिंडल सेल’ (लांबट पेशी) एवढाच शब्द येतो आणि इम्युनोचे रंग (प्रथिनांवरून गाठीची जात ओळखणारे) करायला काही उरत नाही. पोटावरून, कातडीतून सुई शक्यतो टाळा. जिस्ट मऊ आणि रक्ताळ असते, फुटून पेरिटोनियममध्ये (पोटाच्या आतल्या आवरणात) सांडली तर धोक्याची पायरी एकदम वर जाते.

मायटोसिस_मोजणारा

वरच्या दोघांच्या लिखाणात एक शब्द पॅथॉलॉजीच्या बाजूने नीट करतो. जिस्टसाठी ‘सौम्य’ आणि ‘घातक’ असे दोन कप्पे आता वापरत नाहीत. ‘पुन्हा उद्भवण्याचा धोका किती’ असं सांगतात. तो मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: आकार, ५ चौ. मिमी क्षेत्रातल्या मायटोसिसची संख्या आणि अवयव.

जठरातल्या जिस्टसाठी २००६च्या सुमारास मांडलेले आकडे आजही वापरात आहेत. मायटोसिस ५ किंवा कमी असतील तर २ ते ५ सेमीच्या गाठीत गाठ पसरण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत, ५ ते १० सेमीला ४ टक्क्यांच्या आत, १० सेमीच्या वर साधारण १२ टक्के. मायटोसिस ५ पेक्षा जास्त असतील तर याच आकारांना अनुक्रमे १६, ५५ आणि ८६ टक्के. म्हणजे नमुना अ ची ३.४ सेमीची गाठ, प्रतिमा हुबेहूब तीच, पण धोका २ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. फरक करणारी गोष्ट मायक्रोस्कोपखाली आहे. सीटी देतो तो आकार आणि अवयव, आणि या दोन्हींत चूक झाली तर माझाही हिशेब चुकतो. लहान आतड्याच्या जिस्टचा धोका त्याच आकाराला जास्त असतो. म्हणून जठराला चिकटलेली मोठी गाठ नेमकी जठराची की जेज्युनमची (लहान आतड्याच्या मधल्या भागाची), हे लिहिणं फार महत्त्वाचं.

सुईच्या तुकड्यात ५ चौ. मिमी क्षेत्र क्वचितच भरतं. त्यामुळे एफएनबीवरून निदान देता येतं (इम्युनोच्या रंगांत सीडी११७ आणि डॉग१ पॉझिटिव्ह म्हणजे जिस्ट, डेस्मिन आणि एसएमए म्हणजे लायोमायोमा, एस१०० म्हणजे श्वानोमा, मज्जातंतूच्या आवरणाची गाठ), पण कमी मायटोसिस दिसले म्हणून कमी धोका असं त्यावरून लिहू नये. तो आकडा काढलेल्या पूर्ण गाठीवरूनच.

लेसरकर्व्ह

खूप उपयोग झाला. नमुना अ मध्ये एक गोष्ट मांडायची राहिली. लेसर ओमेंटममध्ये (जठर आणि यकृत यांच्यामधल्या चरबीच्या पडद्यात), गाठीला लागून ८ मिमीच्या दोन लिंफ नोड आहेत. यावरून ‘घातक’ बाजूला झुकावं का? आणि अशा वेळी पेट-सीटी (किरणोत्सारी साखर कुठे उचलली जाते हे दाखवणारा स्कॅन) सुचवतात. गाठ तापलेली (साखर भरपूर उचलणारी) दिसली म्हणजे घातक, असं धरता येईल का?

दुसरं, नमुना आ सारखीच पण खरोखर ताठ भिंत असेल आणि बायोप्सी दोनदा निगेटिव्ह आली असेल तर?

एफडीजी_६०मिनिटं

नोड आहेत हे वाचून माझं मन उलट दिशेला गेलं. नेहमीची जिस्ट लिंफ नोडमध्ये सहसा जात नाही, ती यकृतात आणि पेरिटोनियममध्ये जाते. बॉडीत गोल, एकजीव, नेक्रोसिस नसलेली, मध्यम उजळणारी गाठ आणि शेजारी छोट्या नोड, हे जठराच्या श्वानोमाचं ठरलेलं चित्र आहे. त्या नोड प्रतिक्रियेने वाढलेल्या असतात. श्वानोमा जवळजवळ नेहमी सौम्य असतो आणि तरी एफडीजी (पेटमध्ये देतात ती साखर) भरपूर घेतो. म्हणजे इथे पेट काढलं तर गाठ झगझगीत दिसेल, नोडही थोड्या दिसतील, आणि रिपोर्ट ‘मेटास्टॅटिक’कडे जाईल. या गाठीला पेट नको, एफएनबी आणि एस१०० हवं. अपवाद एक लक्षात ठेवा: तरुण रुग्ण, एकाहून जास्त गाठी आणि नोड असतील तर एसडीएच या एन्झाइमच्या कमतरतेची जिस्ट. ती नोडमध्ये जाते.

उलट बाजूची फसवणूक जास्त गंभीर आहे. सिग्नेट रिंग (पेशी अंगठीसारख्या दिसणारे) आणि म्यूसिनस (श्लेष्म्याने भरलेले) प्रकारचे कॅन्सर ग्लुकोज कमी उचलतात. भिंत सबंध कॅन्सरने भरलेली आणि पेट थंड, असं होतं. थंड पेट म्हणजे सौम्य असं जठराच्या बाबतीत कधीच लिहू नये. शिवाय रिकाम्या जठराची निरोगी भिंतही थोडं एफडीजी घेते, विशेषतः फंडसकडे. त्यासाठी ६ तास उपास, साखर २०० मिग्रॅ/डेसिलीटरच्या खाली, ६० मिनिटांनी नेहमीचा स्कॅन आणि शंका असेल तर ५०० मिली पाणी पाजून फक्त वरच्या पोटाचा उशिरा दुसरा. मिटल्यामुळे तापलेला भाग पसरतो आणि फिका होतो, खरी गाठ तशीच राहते. १ सेमीच्या आतलं काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ काढू नका.

न्यूरोएंडोक्राइनचा संशय असेल तर ट्रेसर (शिरेतून द्यायचं किरणोत्सारी द्रव्य) बदला, गॅलियम-६८ डोटाटेट.

दुर्बीण_आणि_चिमटा

ताठ भिंत आणि निगेटिव्ह बायोप्सी यावर लिहितो, कारण इथे उशीर झाला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

डिफ्यूज प्रकारचा कॅन्सर म्यूकोसाच्या खालून पसरतो. वरचा म्यूकोसा सुजलेला पण अखंड दिसतो. नेहमीचा चिमटा फक्त म्यूकोसा उचलतो, त्यामुळे आठ तुकडे घेऊनही रिपोर्ट ‘गॅस्ट्रायटिस’ येऊ शकतो. दोनदा निगेटिव्ह आली म्हणून थांबायचं नाही. आधी हवा भरून पाहा: नॉर्मल जठरात वळ्या सपाट होतात, इथे होत नाहीत आणि पोकळी चामड्याच्या पिशवीसारखी लहानच राहते. मग एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा चावे घेऊन खोल जा किंवा एंडोसोनोग्राफीखाली तिसऱ्या-चौथ्या पट्टीतून एफएनबी घ्या. एंडोसोनोग्राफीवर या आजारात पट्ट्या ओळखू येतात पण तिसरी आणि चौथी दोन्ही जाडावलेल्या असतात. पाठवताना पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘लायनायटिस प्लास्टिकाचा संशय’ (भिंत ताठ करणाऱ्या या कॅन्सरचं नाव) हे शब्द लिहा. सुट्या सिग्नेट रिंग पेशी सुजलेल्या म्यूकोसात नजरेतून निसटतात, पॅथॉलॉजिस्टला शोधायचं काय ते माहीत असलं की केराटिनचा रंग (त्या पेशी उठून दिसतील असा) लावला जातो.

असं चित्र दिसणाऱ्या स्त्री रुग्णात स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरचा इतिहास विचारा. तो जठरात पसरला की अगदी असाच दिसतो आणि उपचार वेगळा असतो.

लिंफोमाही (लिंफ पेशींचा कॅन्सर) भिंत जाड करतो, पण वागणूक निराळी. जाडी २-३ सेमीपर्यंत जाते, एकजीव असते, तरीही जठर बऱ्यापैकी फुगतं, वाट अडत नाही आणि बाहेरची चरबी स्वच्छ राहते. नोड मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या खालपर्यंत उतरलेल्या असतील तर लिंफोमाकडे पारडं झुकतं.

म्यूकोसातल्या लहान कॅन्सरला सीटी उपयोगी नाही, हेही इथे लिहून ठेवतो. तिथे नॅरो बँड (निवडक निळ्या-हिरव्या प्रकाशातली) आणि मॅग्निफिकेशन एंडोस्कोपी. दोन गोष्टी बघायच्या: भोवतालच्या म्यूकोसापासून वेगळं करणारी स्पष्ट सीमारेषा आहे का, आणि त्या रेषेच्या आत बारीक रक्तवाहिन्यांची किंवा पृष्ठभागाची नक्षी विस्कटलेली आहे का. रेषा आहे आणि आतली नक्षी विस्कटलेली आहे तर कॅन्सर धरून बायोप्सी घ्या. रेषाच नसेल तर शक्यता कमी. व्रण असेल तर त्याच्याकडे येणाऱ्या वळ्या बघा. सौम्य व्रणात त्या निमुळत्या होत कडेपर्यंत पोचतात. घातक व्रणात त्या अलीकडेच तुटतात, टोकं गदेसारखी फुगतात किंवा एकमेकींत मिसळतात. कडेला, चारही दिशांना बायोप्सी घ्या. व्रणाच्या तळातून नुसता मेलेला भाग येतो. आणि औषधाने व्रण भरला तरी परत एंडोस्कोपी करा, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कॅन्सरचा व्रणही वरून भरून येतो.

लेसरकर्व्ह

नमुना अ साठी एफएनबी लिहितो. शेवटचं विचारतो: रिपोर्टमधली वाक्यं प्रत्यक्षात कशी असावीत?

पोर्टलफेज

नमुना अ साठी मी असं लिहीन: ‘जठराच्या बॉडीत, लेसर कर्व्हवर, भिंतीच्या आतून उगवलेली ३.४ सेमीची गाठ. वरचा म्यूकोसा अखंड. नेक्रोसिस, व्रण, रक्त आणणाऱ्या किंवा नेणाऱ्या वाढलेल्या रक्तवाहिन्या, लगतच्या अवयवात शिरकाव यांपैकी काही नाही. शेजारी ८ मिमीपर्यंतच्या दोन नोड. यकृत, ओमेंटम, पेरिटोनियम स्वच्छ. श्वानोमा किंवा जिस्ट. प्रतिमेवरून धोक्याची पायरी ठरवता येत नाही. एंडोसोनोग्राफी आणि एफएनबी सुचवतो.’

नसलेल्या गोष्टींची नावं घेऊन ‘नाही’ लिहिणं महत्त्वाचं. सर्जनला त्यावरूनच कळतं की त्या बघितल्या गेल्या. वाढलेल्या रक्तवाहिन्या हे लक्षण बरेच जण बघतच नाहीत. पोर्टल फेजमध्ये गाठीतून निघून गॅस्ट्रिक किंवा गॅस्ट्रोएपिप्लोइक शिरेला मिळणारी जाड शीर शोधा.

बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीची किंवा यकृताच्या डाव्या भागाची वाटू शकते. तिथे जठराच्या भिंतीचा नख्यासारखा कोपरा गाठीला कवटाळतोय का ते कोरोनल आणि सॅजिटल छेदांत पाहा, आणि पोषक रक्तवाहिनी कुठून येते त्यावरून अवयव ठरवा. फंडसच्या मागची हवा-पाणी भरलेली डायव्हर्टिक्युलम (भिंतीची बाहेर आलेली पिशवी) डाव्या ॲड्रेनलची गाठ म्हणून रिपोर्ट होते, तीही पाणी पाजून पालथं केलं की उघडी पडते.

कॅन्सरच्या बाबतीत खोलीचे शब्द (टी१ ते टी४ या वाढत्या पायऱ्या) जपून वापरा. काळी सबम्यूकोसाची रेघ शाबूत असेल तर टी१, पुसली पण बाहेरची कड गुळगुळीत असेल तर टी२ पर्यंत. कड खडबडीत आणि चरबीत धागे दिसू लागले की टी३ की टी४ए हा फरक सीटीला अवघड जातो. लेसर ओमेंटम आणि गॅस्ट्रोकॉलिक लिगामेंटमध्ये गाठ चरबीत शिरली तरी वरचं पेरिटोनियम फुटलं नसेल तर ती टी३च. आणि पेरिटोनियमवरचे बारीक दाणे सीटीतून निसटतात. मोठ्या ऑपरेशनआधी लॅप्रोस्कोपी आणि धुतलेल्या पाण्याची सायटॉलॉजी त्यासाठीच करतात. पेशी सापडल्या तर तो एम१, म्हणजे दूर पसरलेला. ओमेंटम, डग्लसची पिशवी (ओटीपोटाच्या तळाची खोलगट जागा) आणि अंडाशय मात्र सीटीवर दर वेळी मुद्दाम उघडून बघा.

चौथाथर

नमुना इ बद्दल एक भर. गाठ बरोबर २ सेमी म्हणजे काठावर आहे. ऊती घ्यायची नसेल तर नजर ठेवायची. १ सेमीच्या आतल्या, त्रास नसलेल्या गाठीला ३ ते ६ महिन्यांनी एकदा एंडोस्कोपी, मग २-३ वर्षांनी. १ ते २ सेमीला ३ ते ६ महिन्यांनी, मग दर १-२ वर्षांनी. २ सेमीच्या वर असून काढली नसेल तर ६ महिन्यांनी एंडोस्कोपी आणि एंडोसोनोग्राफी दोन्ही, पुढे दर ६ ते १२ महिन्यांनी. तुलना करताना एकाच तपासणीचे आकडे घ्या. एंडोसोनोग्राफीवर १९ मिमी आणि सहा महिन्यांनी सीटीवर २२ मिमी हे वाढ म्हणून मोजू नका. दोन्ही वेळा एंडोसोनोग्राफी, शक्यतो तीच फ्रीक्वेन्सी, सर्वात लांब अक्ष आणि त्याला काटकोनातला अक्ष, आणि मोजणीच्या रेघांसकट प्रतिमा साठवलेली. ती प्रतिमा नसेल तर पुढच्या माणसाला गाठ वाढली की नाही हे ठरवता येत नाही.